बाबासाहेबांचा अभ्यास आणि आपली परीक्षा

परळच्या चाळीतल्या एका खोलीत अख्खे कुटुंब राहत होते. रामजीबाबा भीमाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवत. त्या शांत वेळेत अभ्यास करून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले.

लंडनला ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर टिपणे काढत बसत. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली, शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनीही मदत केली आणि १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

१९५० साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा जालना त्याच जिल्ह्यात होते. आजही जालन्याच्या वस्त्यांत एका खोलीत दहावी-बारावीची तयारी चालते. मुलामुलींनो, वेळ ठरवा, पुस्तक मिटून वाचलेले लिहून काढा, चुकलेले पुन्हा सोडवा. आणि कार्यकर्त्यांनो, परीक्षा संपेपर्यंत रात्री विहाराचे दार आणि दिवा त्यांच्यासाठी चालू ठेवा. जयंतीची वर्गणी काढतो, तशी वीजबिलाचीही काढू. जयभीम!