प्रार्थनेची भाषा शोधणारे फादर स्टीफन्स

दिवेलागणीस घरातील वडील माणसांबरोबर हात जोडून बसावे आणि त्यांच्यामागून प्रार्थनेचे शब्द म्हणावेत, ही गोष्ट आपणांस इतकी सहज वाटते की, देवाशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न आपल्या मनात कधी उभाच राहत नाही. परंतु सुमारे चारशे वर्षांपूर्वी गोमंतकातील सासष्टी महालात हा प्रश्न हजारो माणसांपुढे उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी आपली चाळीस वर्षे वेचली, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचा अल्प परिचय आम्ही येथे विद्यार्थ्यांस करून देत आहो.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पंथाच्या उपासनेस कायद्याने बंदी होती. ज्याला आपल्या श्रद्धेप्रमाणे उघडपणे प्रार्थना करता येत नाही, त्याला स्वदेशही परका होतो. स्टीफन्स यांनी देश सोडला आणि १५७५ साली रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून निघालेले त्यांचे गलबत २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. या खडतर प्रवासाची हकिकत त्यांनी पत्राने आपल्या वडिलांस कळविली. ते पत्र आजही उपलब्ध आहे.

ज्या सासष्टीत ते धर्मकार्यासाठी गेले, तेथील स्थिती मोठी दुःखद होती. पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली तेथील देवळे पाडली होती. कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन नदीपार अंत्रूज महालात निघून गेली. जी मागे राहिली त्यांतील पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १५८३ साली कुंकळ्ळी येथे संतप्त ग्रामस्थांनी पाच येशूसंघीयांस ठार मारिले आणि त्याचा सूड म्हणून सत्ताधाऱ्यांनी गावच्या पुढाऱ्यांचे प्राण घेतले. आपल्या देशात ज्यांची उपासना बंद झाली होती, ते स्टीफन्स दुसऱ्यांची उपासना बंद झालेल्या भूमीत आले होते. इतिहासातील हा विपर्यास आम्हांस नजरेआड करता येत नाही.

अशा लोकांस नवी प्रार्थना शिकवावयाची कशी? नुसते पाठांतर करून घेणे सोपे होते. पण अर्थ न कळता म्हटलेली प्रार्थना ओठांवरच राहते. म्हणून स्टीफन्स प्रथम स्वतः विद्यार्थी झाले. त्यांनी घराघरांतून बोलली जाणारी कोंकणी आत्मसात केली आणि ग्रंथांची भाषा जी मराठी, तीही शिकले. या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, ही गोष्ट त्यांनी १५८३ सालीच आपल्या भावास पत्राने कळविली होती. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूर येथे छापले गेले.

प्रार्थनेच्या शिक्षणासाठी त्यांनी कोंकणीत प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक तयार केले. तेही त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती प्रार्थनेत मुख्य ती प्रभूची प्रार्थना. आम्हांस प्रार्थना करावयास शिकवा, असे शिष्यांनी म्हटल्यावरून येशूने ती त्यांस सांगितली, अशी कथा आहे. तीत देवास पिता म्हणून हाक मारावयाची, प्रथम त्याच्या नामाचे व राज्याचे चिंतन करावयाचे, मग रोजची भाकर मागावयाची आणि त्यानंतर क्षमा मागावयाची. पण ती मागताना आपणही इतरांस क्षमा करतो असे म्हणावयाचे. जेथे दोन्ही बाजूंनी रक्त सांडले होते, त्या सासष्टीत हे वाक्य उच्चारणे गुरूस काय किंवा शिष्यास काय, सोपे गेले नसेल!

पुढे एके रविवारी धर्मोपदेश चालू असता एका श्रोत्याने विचारिले की, आमची जुनी पुराणे आपण आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? ही हकिकत ‘क्रिस्तपुराणा’त आली आहे. त्या प्रश्नात एका समाजाची व्यथा होती आणि स्टीफन्स यांनी ती ऐकिली. त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा रचिली. १६१६ साली ती रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. तीत देव परमेश्वर आहे आणि स्वर्ग वैकुंठ आहे. ऐकणाऱ्याच्या कानास परिचित अशा शब्दांतूनच नवी श्रद्धा बोलते.

१६१९ साली गोव्यातच स्टीफन्स निवर्तले. १६८४ साली सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढिले. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन आवृत्तींपैकी एकही प्रत आज आढळत नाही, पण मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हस्तलिखितांतून व मुखाने जतन केले आणि १९०७ साली ते तेथे पुन्हा छापले गेले.

विद्यार्थीमित्रहो, आपण कोणत्याही धर्माचे असा, उद्या सकाळी प्रार्थनेस उभे राहाल तेव्हा एका तरी शब्दाचा अर्थ मनाशी आणून पाहा. तेवढ्यासाठी एका माणसाने दोन भाषा शिकण्यात आयुष्य घालविले होते.