ठरावातले पाणी घरापर्यंत

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो आणि चवदार तळ्याला वंदन करतो. पण बाबासाहेबांचा पाण्याचा लढा त्या एका दिवसात संपला नव्हता. पाणी कोणाच्या मालकीचे, ते कोणी सांभाळायचे आणि त्याचा लाभ शेवटच्या घरापर्यंत कसा न्यायचा, हे प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळले. त्या अंगाने त्यांचे चरित्र आम्ही येथे मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेला दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरला. जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. मिळाली ती दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. सोबत जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. ज्यांचा बाप सरकारी तलावाच्या कामावर होता, त्या मुलांनी ती रात्र तहानलेल्या पोटी काढली.

पुढे शिकून परदेशातून ते परतले तेव्हा कागदावर चित्र बदललेले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सांभाळली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरायला जाऊ शकला नाही. नगरपालिकेने दार उघडल्याचे लिहिले होते, मात्र त्या दारातून जाणाऱ्याला संरक्षण देण्याची तयारी नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठरावच मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. लोकांच्या दबावाखाली स्थानिक संस्था किती सहज पाठ फिरवते, हे आपल्या चळवळीने तिथे पाहिले.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. तोवर तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा काही सवर्णांनी न्यायालयात लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती. बाबासाहेबांनी मनाई हुकुमाची स्थिती परिषदेपुढे ठेवली, चर्चा घडवली आणि सत्याग्रह तहकूब झाला. लढा कोर्टात सरकला. खालच्या दोन न्यायालयांत जिंकल्यानंतर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाण्याचा हक्क न्यायालयात टिकवायला दहा वर्षे लागली, त्यांत तीनच दिवस कमी.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सिंचन आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे आले. १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध फुटला आणि बंगालमध्ये मोठा पूर आला. नदी तेव्हाच्या बिहारातून बंगालमध्ये वाहत होती, त्यामुळे एका प्रांताने एकट्याने उपाय करून भागणार नव्हते. बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना एकत्र बसवले. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात बैठक झाली. संपूर्ण खोरे एक मानून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. योजनेचा लाभ खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचला पाहिजे आणि त्याची तजवीज धरणे बांधून झाल्यावर नव्हे, तर आधीच व्हावी, हेही त्यांनी तिथे मांडले. त्याच वर्षी कटकच्या परिषदेत त्यांनी नुसते बांध घालण्याच्या धोरणावर टीका केली. जास्त पाणी हे संकट समजून समुद्रात सोडण्यापेक्षा ते साठवून वापरावे, असे त्यांचे म्हणणे होते. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगही १९४५ मध्येच स्थापन झाला. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये उभे राहिले.

पुढे त्या महामंडळाच्या धरणांत अनेक आदिवासींची गावे बुडाली. तेव्हा बाबासाहेब सत्तेत नव्हते. पण खोऱ्यातल्या प्रत्येकाला वाटा मिळाला का, हा त्यांनीच घालून दिलेला निकष तिथेही लावावा लागतो. तो लावला, तर उत्तर समाधानकारक येत नाही.

महाडचा अनुभव शेवटी संविधानात उतरला. सरकारी पैशातून सांभाळलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव करता येणार नाही, असे अनुच्छेद १५ सांगतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तोवर महाड नगरपालिकेचा रद्द झालेला ठराव देशाचा मूलभूत हक्क बनला होता.

तरुण मित्रांनो, आज आपल्या वस्तीची पाइपलाइन शेवटी का येते, टँकर आधी कोणत्या आळीत थांबतो, हे प्रश्न ग्रामसभेत आणि ग्राम पाणीपुरवठा समितीत विचारायचे असतात. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते. ती सूचना आपल्या वस्तीत कोण वाचून दाखवतो? आम्हाला वाटते, हे काम आपले आहे. सभेला जा, आयाबहिणींना सोबत न्या, आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत मागा. आणि ठराव झाला की नळाला पाणी येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करा. जय भीम.