हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (२२ मे १८३१ – ४ मे १८९७) हे इंग्लिश शल्यवैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ व वैद्यकीय चित्रकार होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातील आकृत्यांमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र त्यांचे स्वतंत्र संशोधन मुंबई इलाख्यात झाले. ‘मदुरा पाऊल’ या विकाराचे मूळ कवकात (बुरशीत) आहे, हे त्यांनी रुग्णांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मांडले.

जीवन

कार्टर यांचा जन्म इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार होते. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शिकलेल्या कार्टर यांनी हेन्री ग्रे यांच्या ग्रंथासाठी आकृत्या काढल्या. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत ३६३ आकृत्या होत्या. मोबदला म्हणून त्यांना एकरकमी १५० पौंड मिळाले. ग्रंथाच्या पुढील उत्पन्नात त्यांचा वाटा नव्हता. त्याच वर्षी ते भारतीय वैद्यकीय सेवेत मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाविज्ञान शिकवू लागले. पुढे काही वर्षे ते सातारा येथे सिव्हिल सर्जन होते.

कवकरोगावरील संशोधन

अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायात काटा मोडून किंवा जखम होऊन हा विकार शिरतो. पाऊल सुजते, त्यावर गाठी व नाळव्रण होतात आणि त्यांतून स्रावाबरोबर बारीक कण बाहेर पडतात. रोग हाडापर्यंत गेला की त्या काळी पाय कापण्यावाचून उपाय नसे. मदुरेच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी १८४० च्या दशकात त्याची नोंद केली होती. कारण मात्र अज्ञात होते. कार्टर यांनी या कणांची व भोवतालच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. काळ्या कणांत त्यांना कवकाचे तंतू आढळले. १८६० च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष मांडले व विकाराला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. त्यावरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. अशा ऊतींवर वाढलेल्या एका गुलाबी बुरशीला त्यांच्या नावावरून ‘कायोनिफी कार्टेराय’ म्हटले गेले. पण ती रोगाचे कारण नव्हती. कार्टर यांनी काळ्या व फिकट कणांचे प्रकार वेगळे नोंदवले होते. फिकट कणांचा विकार पुष्कळदा तंतुमय जिवाणूंमुळे होतो, हे नंतर उघड झाले. हा भेद आजही महत्त्वाचा आहे. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांना दाद देतो, कवकजन्य प्रकार देत नाही. म्हणून कण व ऊतींचे काप तपासूनच उपचार ठरवावे लागतात.

उत्तरायुष्य

कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी कार्टर १८७३ मध्ये नॉर्वेस गेले. १८७७ च्या दुष्काळानंतर मुंबईत पसरलेल्या पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णांच्या रक्तात त्यांना सर्पिल जंतू दिसले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. स्कारबरो येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.