शिकारीचा नाद, मुलाचा मृत्यू आणि सुनेची शाळा : राजर्षी शाहू महाराजांची कमी सांगितली जाणारी गोष्ट

मारुंजी (ता. मुळशी) : मारुंजी, नेरे, जांबे, कासारसाई या पट्ट्यात आता शेतापेक्षा टॉवर जास्त दिसू लागलेत. तरी रानाची ओढ काही संपलेली नाही. सुट्टीच्या दिवशी धरणाच्या काठी गळ टाकून तासन्‌तास बसणारे आहेत, जुनी बुलेट किंवा राजदूत पोटच्या पोरासारखी जपणारे आहेत आणि लांब पायांची, सडपातळ कारवानी कुत्री हौसेनं पाळणारेही आहेत. अशा मंडळींची बैठक जमली की विषय फिरून फिरून शिकारीवर येतोच. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण एका काळी शिकार हा राजेरजवाड्यांचा रोजचा खेळ होता. त्या खेळात आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा शौकीन कोण, असं विचारलं तर जे नाव पुढं येतं, ते ऐकून बरेच जण चमकतात. ते नाव आहे राजर्षी शाहू महाराज.

दरवर्षी 26 जूनला गावोगावी शाहू जयंती साजरी होते. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं मोफत शिक्षण यावर भाषणं होतात, आणि ती झालीच पाहिजेत. पण रानात रमणारा, घोड्यावरून डुकरामागं धावणारा आणि त्याच खेळात पोटचा मुलगा गमावलेला बाप मात्र या भाषणांत क्वचितच दिसतो. त्या मुलाची बायको आपल्याच पुणे जिल्ह्यातली, सासवडच्या जगताप घराण्यातली. म्हणून ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे.

कागलचा मुलगा

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई ते लहान असतानाच गेल्या. 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक गेले आणि दोन वर्षांत वडील जयसिंगराव आबासाहेबही वारले. पुढचं शिक्षण राजकोट आणि धारवाड इथं झालं. धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांना शिकवलं. पुस्तकाइतकाच जीव कुस्ती, घोडा आणि रान यांत. अंगानं धिप्पाड, ताकदीला कमी नाही आणि घोड्यावर मांड पक्की. 2 एप्रिल 1894 रोजी वयाच्या विसाव्या वर्षी राज्यकारभार हाती आला, तोवर हा नाद चांगलाच मुरला होता.

चित्ते, कुत्री आणि डुकराची शिकार

कोल्हापूर संस्थानात तेव्हा चित्त्याकडून काळविटाची शिकार होत असे. चित्ते सांभाळणारी, शिकवणारी माणसं म्हणजे चित्तेवान. जंगलातून धरलेला चित्ता माणसाळवायला महिनोन्‌महिने लागत. शिकारीच्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीत बसवत. काळविटांना बैलगाडीची सवय असे, त्यामुळे गाडी कळपाच्या बऱ्याच जवळ जाई. मग टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. चित्त्याचा पल्ला थोडा, काहीशे मीटरचा. तेवढ्यात काळवीट हाती लागलं तर लागलं, नाहीतर चित्ता दमून खाली बसायचा. पुढं आपल्याकडचे चित्ते इतके कमी झाले की कोल्हापूरसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेतून आणावे लागले. 1952 साली तर भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीरच झालं.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी. दख्खनच्या माळावर शिकारीला वापरलं जाणारं कारवानी कुत्रं वासापेक्षा नजरेवर चालतं. ससा दिसला की सरळ सुटतं. कोल्हापूरच्या शेजारच्या मुधोळ संस्थानात घोरपडे राजांनी ही जात निवडून वाढवली, म्हणून तिला मुधोळ हाउंड असंही नाव पडलं. पण ही कुत्री जन्माला घालणारी, पोसणारी, त्यांच्यावर पोट चालवणारी माणसं राजवाड्यातली नव्हती. ती होती धनगर, लमाण, पारधी अशी रानोमाळ फिरणारी.

आणि सगळ्यात धोक्याचा खेळ म्हणजे घोड्यावरून भाल्यानं रानडुकराची शिकार. यात बंदूक नाही, मचाण नाही. डुक्कर खाचखळग्यातून, काटेरी झुडपांतून पळतं आणि घोडा त्याच्या मागं भरधाव टाकायचा. डुक्कर दमलं की उलटून येतं आणि सुळ्यानं घोड्याचं पोट फाडतं. शिकारी मरतो तो मात्र बहुतेक वेळा डुकरामुळे नाही, तर घोडा अडखळल्यामुळे. शाहू महाराजांना हाच खेळ फार प्रिय होता.

रानानं दाखवलेली माणसं

शिकारीला निघालेला राजा राजवाड्याबाहेर दिवसचे दिवस राहतो. त्याला वाटाड्या लागतो, माग काढणारा लागतो, जनावर उठवणारा लागतो. ही सगळी माणसं गावकुसाबाहेरची. महाराजांचा त्यांच्याशी संबंध असा रोजच्या कामातून आला. पारध्याला पायाचा ठसा बघून जनावर कधी गेलं ते कळतं, पण इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. पोलिसांपुढं रोजची हजेरी द्यायची आणि काही चोरी झाली की पहिला मार यांनाच.

महाराजांनी फासेपारध्यांना हाकलून लावण्याऐवजी कामाला लावलं. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांनाच पहाऱ्यावर नेमलं. कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर ही मंडळी महाराजांच्या अवतीभवती असत. पुढं 1918 साली संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी बंद करण्याचा हुकूम निघाला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संस्थानी शिकार म्हटली की हाका आलाच. ढोल-डबे वाजवत रान उठवायला शेकडो माणसं लागत आणि ती बहुतेक ठिकाणी वेठीनं नेली जात. पेरणी राहो की मळणी, साहेब किंवा सरकार शिकारीला आले की गड्यानं जायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. ज्या राजानं शिकारीत आयुष्य घालवलं, त्याच राजानं 1920 साली आपल्या संस्थानात वेठबिगारीला कायद्यानं बंदी घातली.

रानाच्या ओढीचा दुसरा धागा पाण्यापर्यंत जातो. भोगावती नदीच्या वरच्या अंगाला दाजीपूरचं दाट जंगल आहे, गव्यांसाठी प्रसिद्ध. हे राजघराण्याचं राखीव शिकारीचं रान. भरपूर पावसाच्या याच मुलखात महाराजांनी 1909 च्या सुमारास मोठं धरण बांधायला घेतलं. शेजारी वसवलेल्या गावाला लेकीच्या नावावरून राधानगरी म्हटलं आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं. महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, पैशाअभावी काम थांबलं. धरण पूर्ण झालं 1957 साली. पुढच्याच वर्षी, 1958 मध्ये, दाजीपूरचं शिकारीचं रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. जिथं बंदुका चालायच्या, तिथं आता गवा निवांत चरतो.

12 जून 1918

महाराजांना दोन मुलगे. थोरले राजाराम, धाकटे शिवाजी. धाकट्या शिवाजी महाराजांना वडिलांचाच नाद लागला होता, घोडा आणि शिकार. 6 जून 1917 रोजी त्यांचं लग्न सासवडच्या जगताप घराण्यातल्या मुलीशी झालं. सासरी तिचं नाव इंदुमती ठेवलं. नवरी अवघी दहा-अकरा वर्षांची.

लग्नाला जेमतेम एक वर्ष झालं होतं. 12 जून 1918 रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. वय एकोणीस. ज्या खेळाची गोडी बापानं लावली, त्यानंच मुलगा नेला. हा घाव महाराजांना खोल लागला आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत, असंच त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता राजवाड्यात अकरा वर्षांची एक विधवा मुलगी होती. त्या काळी मोठ्या मराठा घराण्यात अशा मुलीचं काय व्हायचं, हे सांगायला नको. पडदा, पांढरं पातळ, देवघर आणि चार भिंती. आयुष्य तिथंच संपायचं. हा रिवाज मोडणं राजालाही सोपं नव्हतं, कारण विरोध बाहेरून नाही, घरातूनच होणार होता.

महाराजांनी सुनेला शिकवायचं ठरवलं. तिची सोय राजवाड्यापासून दूर सोनतळीला केली. तिला एकटं वाटू नये म्हणून वेगवेगळ्या जातींतल्या चार मुली तिच्यासोबत शिकायला ठेवल्या. मास्तर नेमले, इंग्रजी सुरू केलं. स्वतः दौऱ्यावर असले तरी पत्र लिहून अभ्यासाची विचारपूस करत. सुनेनं डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. ज्या सोनतळीवर घोडे, पहारेकरी पारधी आणि शिकारीची धामधूम, तिथंच एका विधवा मुलीची शाळा भरू लागली.

याच तीन वर्षांतले संस्थानचे हुकूम एका ओळीत ठेवून पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होतं. 1917 मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय. 1918 मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता, महार वतनाबाबतचे निर्णय, हजेरीची बंदी. 1919 मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा. यातले काही मुलाच्या मृत्यूआधीचे, काही नंतरचे. म्हणजे हे काम केवळ दुःखातून सुरू झालेलं नव्हतं. पण स्वतःच्या घरावर वेळ आली, तेव्हा प्रजेला सांगितलेली गोष्ट महाराजांनी आधी घरात करून दाखवली. बाहेर कायदा आणि घरात रूढी, असा दुटप्पीपणा त्यांनी ठेवला नाही.

शेवटची वर्षं

मुलाच्या मागं महाराज फार जगले नाहीत. तब्येत खालावत गेली, पण काम थांबलं नाही. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना अस्पृश्य समाजाचा पुढारी म्हणून सगळ्यांसमोर मान दिला. 19 नोव्हेंबर 1921 रोजी पुण्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते झाली, त्यामागं खटपट शाहू महाराजांचीच. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं 47.

सासरे गेले तेव्हा इंदुमतीदेवी पंधरा वर्षांच्या होत्या. डॉक्टर होण्याचं मागं पडलं, पण शिक्षण वाया गेलं नाही. पुढं त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या आणि महिलांच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं, ललित विहार ही संस्था उभी केली. 1971 साली त्यांचं निधन झालं. पांढऱ्या पातळात आणि चार भिंतींत जे आयुष्य संपायचं, ते अर्धशतक इतरांच्या लेकींसाठी खर्ची पडलं.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शिकारीची जनावरं पेंढा भरून ठेवलेली आहेत. सहलीला गेलेली पोरं वाघापुढं उभी राहून फोटो काढतात. त्या वाघांनी राजघराण्याचा शौक सांगितला, पण हिशेबाची दुसरी बाजू तिथं दिसत नाही. ती आहे हजेरीतून सुटलेल्या पारध्यांच्या घरांत, राधानगरीच्या पाण्यात आणि सासवडच्या एका लेकीच्या पाटी-पेन्सिलीत. मारुंजीहून सासवड पन्नासएक किलोमीटरवर. येत्या 26 जूनला शाळेतल्या भाषणात आरक्षणासोबत या मुलीचंही नाव घेतलं, तर जयंती थोडी अधिक पुरी होईल.