हेन्री जॉर्ज : कर कशावर असावा?

कर ही सरकारने केलेली लूट, की समाजाचे फेडलेले ऋण? हा वाद जुना आहे. त्याला तिसरेच उत्तर देणारा माणूस चौदावे वर्ष पुरे होण्याआधी शाळा सोडलेला एक अक्षरजुळारी होता.

हेन्री जॉर्ज यांचा जन्म २ सप्टेंबर १८३९ रोजी फिलाडेल्फियात झाला. १८५५ मध्ये ते ‘हिंदू’ नावाच्या जहाजावर पोऱ्या म्हणून चढले आणि मेलबर्नमार्गे कलकत्त्यास पोहोचले. हुगळीत वाहत जाणारी प्रेते त्यांनी त्या वयात पाहिली. पुढे कॅलिफोर्नियात छापखान्यांतून कामे मिळत, सुटत. १८६५ मध्ये दुसरे मूल जन्मले तेव्हा घरात अन्न नव्हते. त्यांनी रस्त्यावर एका अनोळखी गृहस्थाला अडवून पाच डॉलर मागितले, आणि ते मिळाले. मिळाले नसते तर त्याचा जीव घेण्याइतके आपण हताश होतो, अशी कबुली त्यांनी नंतर दिली.

आगगाडी नुकतीच आली होती. ओकलंडजवळ घोड्यावरून फेरफटका मारताना त्यांनी एका गाडीवानाला जमिनीचा भाव विचारला. दूरवर चरणाऱ्या गाईंकडे बोट दाखवून त्याने सांगितले, एकरी हजार डॉलर. त्या जमिनीवर कोणी कुदळ मारली नव्हती; भाव वाढला तो भोवताली वस्ती वाढणार म्हणून.

१८७९ च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथाचा गाभा येथे आहे. श्रमाने निर्माण केलेली वस्तू निर्मात्याची. म्हणून मजुरी, घर, यंत्रे, व्यापार यांवरील कर अन्याय्य. जमीन मात्र कोणी निर्माण केली नाही, आणि तिची किंमत सगळा समाज घडवतो. तेव्हा जमिनीचा खंड कररूपाने घेणे ही मालकीवरची धाड नव्हे, तर ज्याचे त्याला परत देणे. अमेरिकेत अनेक ठिकाणी मालमत्ता कराच्या आकारणीत जमीन आणि बांधकाम यांचे मूल्य वेगळे दाखवतात. जॉर्ज यांनी पहिल्यावर कर ठेवला असता, दुसऱ्यावरचा पुसून टाकला असता.

युक्तिवाद देखणा आहे, पण एका ठिकाणी तो निष्ठुर होतो. आयुष्याची पुंजी घालून काल जमीन विकत घेणाऱ्याचे काय? जॉर्ज यांना भरपाई मान्य नव्हती. गुलामांच्या मालकांना तरी ती का द्यावी, हा त्यांचा दाखला. परंतु कायद्यावर विसंबून घेतलेला भूखंड आणि बांधून ठेवलेला माणूस एका तागडीत बसत नाहीत. शिवाय खंड मोजायचा कसा, हाही प्रश्न उरतो. रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर पुणे जिल्ह्याचा शेतसारा ठरवण्याचा प्रिंगल यांचा प्रयोग जॉर्ज यांच्या जन्माआधीच आकडे चुकून कोसळला होता, आणि १८३५ पासून इंदापुरात नव्याने आकारणी करावी लागली होती.

१८८६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले. ह्युइट यांना ९०,५५२, जॉर्ज यांना ६८,११० मते पडली. तिसरे आले थिओडोर रूझवेल्ट. प्रकृती ढासळली असताना १८९७ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि २९ ऑक्टोबरला वारले. चार दिवसांनी मतदान झाले, तेव्हा त्यांच्या जागी मुलगा उमेदवार होता. निवडून आला तो टॅमनी हॉलचा माणूस.