बिनतारी लहरींवर मालकी न सांगणारा माणूस : जगदीशचंद्र बोस

आज इंजिनिअरिंगची मुलं हजार-पाचशे रुपयांचा बिनतारी किट आणतात, त्याला सेन्सर जोडतात आणि शेतातल्या मातीचा ओलावा मोबाईलवर बघतात. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलू शकतात, कारण त्यांचे नियम, म्हणजे ओपन स्टँडर्ड्स, सगळ्यांसाठी खुले आहेत. ज्ञान असं खुलं असावं, हा आग्रह आपल्या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने धरला होता. त्याची किंमतही त्याने मोजली.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, तेव्हाच्या बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला आधी इंग्रजी शाळेत न घालता गावातल्या बंगाली शाळेत घातलं. पुढे जगदीशचंद्र डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण तब्येत साथ देईना. मग केंब्रिजमध्ये विज्ञान शिकून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

तीन वर्षं बिनपगारी

तिथे पहिलाच धक्का बसला. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. त्यात बोस यांची नेमणूक तात्पुरती, म्हणून त्याच्याही निम्माच. घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं. तरी बोस यांनी हा पगार घेतला नाही. तीन वर्षं एक दिवसही न चुकवता शिकवलं आणि पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारला नमावं लागलं. पूर्ण पगार मागच्या थकबाकीसह मिळाला.

टिनपत्रा, ताग आणि रेल्वेचं वेळापत्रक

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक टिनकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं घडवली. तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानांमधे टिनचे पातळ कागद घातले आणि लहरींची दिशा तपासायचं साधन तयार केलं! त्यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आज ५जी आणि अतिवेगवान वायफायसाठी याच पट्ट्यात काम चालतं. १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात भर सभेत भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि दारूगोळा पेटवून दाखवला. मधे तार कुठेच नव्हती.

१८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. उपकरण कसं बनवलं, हे त्यांनी लपवलं नाही. १८९९ मध्ये लोखंड आणि पारा वापरून केलेल्या लहरी टिपणाऱ्या साधनाची माहितीही रॉयल सोसायटीपुढे मांडली.

पेटंटचा प्रश्न

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून संदेश टिपला. त्या वेळी वापरलेल्या पाऱ्याच्या साधनाचं मूळ बोस यांच्या कामात असल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं गेलं. मार्कोनींना दूरवर संदेश न्यायचा होता, व्यवसाय उभा करायचा होता. बोस यांना लहरींचे गुणधर्म समजून घ्यायचे होते. वाटा वेगळ्या होत्या, पण जगभर नाव झालं ते एकाचंच.

पैशाची संधी बोस यांच्याकडेही आली होती. सारा बुल या अमेरिकन हितचिंतक बाईंच्या आग्रहामुळे गॅलिना या खनिजावर चालणाऱ्या साधनासाठी अर्ज गेला आणि १९०४ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालंही. बोस यांनी त्यातून कमाई केली नाही, ते तसंच संपू दिलं. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात संशोधन संस्था काढली आणि तिथल्या शोधांवर पेटंट घ्यायचं नाही, असं धोरण ठरवलं.

नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. तिथे टीकाही पुष्कळ झाली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

हिशेबाच्या वहीत बघितलं तर हा व्यवहार तोट्याचाच. पण शोध कुलुपात राहिला असता तर तो किती हातांपर्यंत पोचला असता, हाही हिशेब मांडायला हवा. आज कुठल्याही गावातला पोरगा कुणाची परवानगी न घेता किट जोडतो, तेव्हा त्या वहीची जमेची बाजू दिसते.