मोईसेई गिंझबर्ग आणि मॉस्कोतील एक घर

ल कार्बुझिए म्हटले की आपल्याला चंदीगढ आठवते. त्याच्याच पिढीतील मोईसेई गिंझबर्ग या सोव्हिएत वास्तुशिल्पज्ञाचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते.

गिंझबर्ग यांचा जन्म १८९२ साली मिन्स्क येथे झाला. वडील वास्तुशिल्पज्ञच होते. मिलानच्या कला अकादमीत शिकून ते १९१४ मध्ये परतले. पुढे क्रिमियात राहून त्यांनी तेथील तातार वास्तूंचा अभ्यास केला आणि मग मॉस्कोत अध्यापन पत्करले. १९२४ साली त्यांचा 'शैली आणि युग' हा ग्रंथ आला. यंत्रात जसा एकही भाग निरुपयोगी नसतो तशीच इमारत हवी, असा त्यांचा आग्रह होता. कार्बुझिएचे असेच गाजलेले पुस्तक एक वर्ष आधीचे. तेव्हा कोणी कोणाचे उचलले, हा वाद निरर्थक वाटतो. हवाच तशी होती.

त्यांची खरी कसोटी लागली ती घरांच्या प्रश्नावर. क्रांतीनंतर मॉस्कोत माणसे दाटीवाटीने राहत; एका बिऱ्हाडाच्या जागेत अनेक बिऱ्हाडे. लहान घर बांधावे तर दर माणशी खर्च वाढतो. गिंझबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास सरकारी बांधकाम समितीसाठी यावर तोड काढली. बसण्याची खोली उंच ठेवायची, झोपण्याचा भाग व न्हाणीघर ठेंगणे करायचे. मधल्या बोळातून आत शिरले की एका घरात काही पायऱ्या वर जायच्या, शेजारच्यात खाली. त्यामुळे छोट्या घरालाही दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा मिळे. गणिती हिशेबातून एवढी माणुसकी निघावी, याचे मला तरी फार अप्रूप वाटते.

इग्नाती मिलिनिस यांच्यासह त्यांनी १९२८ ते १९३० या काळात अर्थखात्याच्या कर्मचाऱ्यांसाठी 'नारकोमफिन' इमारत उभारली. खाली काँक्रीटचे खांब, वर लांबच लांब खिडक्यांच्या पट्ट्या, माथ्यावर गच्ची. शेजारी सामुदायिक भोजनगृहाची वेगळी इमारत. एकत्र राहणे लोकांवर लादू नये, त्यांना त्याकडे हळूहळू वळू द्यावे, अशी योजना होती. काही घरांना स्वतःचे स्वयंपाकघर ठेवले ते त्यासाठीच. भोजनगृह मात्र फार दिवस चालले नाही.

त्याच काळात कार्बुझिए कामानिमित्त मॉस्कोला येत असे. दोघांचा परिचय होता, शहरे विखरून टाकावीत की नाही यावर १९३० मध्ये पत्रव्यवहारही झाला. मार्सेय येथे १९४७ ते १९५२ दरम्यान कार्बुझिएने बांधलेली प्रचंड वसाहत-इमारत पाहावी: तेच खांब, तीच गच्ची, आतला बोळ आणि त्याच्या वर-खाली गुंफलेली दुमजली घरे!

गिंझबर्ग यांना ती पाहता आली नाही. जानेवारी १९४६ मध्ये ते वारले. त्याआधीच वारे फिरले होते. १९३२ च्या फर्मानाने कलावंतांचे स्वतंत्र गट मोडले, राजमान्यता स्तंभ-कमानींना मिळाली. किस्लोवोद्स्कचे आरोग्यधाम त्यांनी याच काळात बांधले. त्यात जुनी शिस्त आहे, जुनी धिटाई नाही. पुढे १९५० च्या दशकात सोव्हिएत देशाने तयार काँक्रीटच्या फळ्यांची स्वस्त घरे लाखोंनी बांधली. प्रमाणित घराचा विचार गिंझबर्ग यांचाच होता, पण वर-खाली पायऱ्यांची ती युक्ती त्यात उरली नव्हती.

नारकोमफिनचे खांबांमधले मोकळे तळ भिंतींनी बुजवले गेले, घरे पडीक झाली. अखेर २०१७ ते २०२० या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. तो केला गिंझबर्ग यांच्या वास्तुशिल्पज्ञ नातवाने. त्या भिंती काढल्या आणि खांब पुन्हा मोकळे झाले.